मधुपर्काची वाटी

ताईच्या लग्नात बाबांनी मंगलाष्टकांच्या माइकवरून विटा-कराड गाडी फलाट क्रमांक चारवर लागल्याची घोषणा केली, तेव्हा आधी सगळे हसले.

हसायला हरकत नव्हती. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कराडच्या स्टँडवर जाळीच्या खोलीत बसून त्यांनी अर्ध्या जिल्ह्याला गाड्यांत बसवलं होतं. कार्यालयात जमलेली निम्मी माणसं कधी ना कधी त्यांच्या आवाजावर धावली होती. निवृत्त माणूस, लेकीचं लग्न, हातात माइक. करतोय थट्टा, असं लोकांना वाटलं. दोनचार टाळ्यासुद्धा पडल्या.

मी हसलो नाही. बाबा थट्टा करत नाहीत. आमच्या घरात ते खातं माझ्याकडे होतं आणि बाबांनी त्याला कधीच मान्यता दिली नव्हती.

“प्रवाशांनी,” बाबा म्हणाले, “प्रवाशांनी कृपया… प्रवाशांनी…”

पुढचा शब्द सापडेना. ‘पाटण-कोयनानगरमार्गे चिपळूण’ एका दमात म्हणणारी जीभ ‘कृपया’शी अडखळून पडली. मग त्यांची नजर समोरच्या सोफ्यावर गेली.

“ओ फेटेवाले. फलाटावर थुंकू नका.”

फेटेवाले म्हणजे बापूकाका टेंभेकर, नवऱ्या मुलाचे थोरले काका. ते थुंकत नव्हते. ते टेंभेकरांच्या घरातले कर्ते होते आणि सकाळपासून ते दर पाच मिनिटांनी सिद्ध करत होते.

“किन्हीकर, काय चाललंय हे?” बापूकाका उठून उभे राहिले.

“चौकशी खिडकीवर करा,” बाबा म्हणाले.

या खेपेला कोणी हसलं नाही.

सकाळचा प्रकार आधी सांगायला हवा. आमच्यात कन्यादान करणारे आईवडील कन्यादान होईपर्यंत उपाशी राहतात. इंदूआत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, या बाबतीत इतकी कडक की तिने पहाटेच बाबांच्या आणि आईच्या हातातला चहा काढून घेतला. बाबांना मधुमेह होता. डॉक्टरांनी नुकतीच नवी गोळी सुरू केली होती, नाश्त्याच्या आधी घ्यायची. बाबांनी ती ठरल्या वेळेला काढली.

“आज राहू द्या ना,” आई म्हणाली. “खायचं नाहीये तर गोळी कशाला?”

“गाडीची वेळ झाली की गाडी सोडायची,” बाबा म्हणाले. “प्रवासी आहेत का नाहीत हे बघत बसलं तर डेपो चालायचा नाही.”

आणि घोटभर पाण्याबरोबर गोळी सोडली. तेवढ्या पाण्यालाही आत्याने नाक मुरडलं.

तरीही मुहूर्त सकाळचा होता, तो गाठला असता तर निभावलं असतं. पण नवरदेवाचे मामा पुण्याहून निघून खंबाटकीत अडकले. मामा नाहीत तर नवरदेवाच्या मागे उभं कोण राहणार? बापूकाकांनी गुरुजींना दुसरा मुहूर्त काढायला लावला. गुरुजींनी पंचांग न उघडताच दुपारचा काढला. टेंभेकर मंडळींनी पुन्हा एकदा नाश्ता केला. बाबा आणि आई समोरच्या पाटांवर बसून त्यांना आग्रह करत होते.

आणि आता बाबा व्यासपीठावर माइक घेऊन उभे होते आणि बापूकाका पायऱ्या चढत होते.

“माइक द्या इकडे. तोंड उघडा बघू.”

बाबांनी तोंड उघडलं. गोंधळलेला माणूस सांगाल ते करतो. बापूकाकांनी भर मांडवात, पाहुण्यांसमोर, माझ्या आईसमोर, वाकून माझ्या बापाच्या तोंडाचा वास घेतला. मग मागे वळून खाली आपल्या भावाकडे, नवरदेवाच्या वडिलांकडे, बघत मान हलवली.

“वास येत नाही,” ते म्हणाले.

मला वाटलं, संपलं.

“म्हणजे व्होडका,” बापूकाका म्हणाले. “तिला वास नसतो. मी केमिस्ट आहे.”

बापूकाका साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून निवृत्त झाले होते. वास आला असता तर दारू, नाही आला तर व्होडका. या शास्त्रापुढे माझ्या बापाला सुटकाच नव्हती.

“त्यांनी आयुष्यात सोडासुद्धा प्यायलेला नाही,” आई म्हणाली.

कोणी तिच्याकडे बघितलं नाही. कारण तेवढ्यात इंदूआत्या भावाच्या बचावाला धावून आली होती.

“अहो, घेतली असेल थोडी,” ती बापूकाकांना हात जोडत म्हणाली. “मुलीचा बाप आहे, ताण येतो. त्यातून पोटात अन्नाचा कण नाही, म्हणून चढली असेल. वाईट सवय नाही हो वसंताला.”

सख्खी बहीण. शत्रूला एवढं जमलं नसतं.

मी बाबांचा हात धरला. गार होता. उपरणं पाठीला चिकटलेलं, कपाळावरून घामाच्या धारा, बोटं थरथरत होती.

“बाबा, बसा.”

“कुठल्या डेपोचा तू?” बाबांनी विचारलं. चेष्टेने नाही. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

“यांना आत न्या,” बापूकाका मला म्हणाले. “लिंबू चोळा डोक्याला. आणि हे बघ, आमच्या घरात असली माणसं चालत नाहीत. हे लग्न पुढे न्यायचं का, याचा आम्हाला विचार करावा लागेल.”

मी बाबांना आईच्या हवाली केलं आणि मागच्या खोलीकडे पळालो.

शाल्मलीताई गौरीहरापाशी बसली होती. पिवळी साडी, कपाळाला मुंडावळ्या, समोर चांदीची अन्नपूर्णा. एकेक चिमूट अक्षता वाहायच्या आणि मामा न्यायला येईपर्यंत जागचं उठायचं नाही. ताई कॉलेजात फार्मसी शिकवत होती. ती त्या अन्नपूर्णेकडे अशी बघत होती की जणू तिला तोंडी परीक्षेला बोलावलंय.

“बाहेर काय गोंधळ आहे?”

“बाबा गाड्या सोडतायत. मला ओळखत नाहीत. बापूकाका म्हणतात दारू प्यायलेत.”

“घाम येतोय?”

“आंघोळ केल्यासारखा.”

“गार?”

“गार.”

“गोळी घेतली सकाळी?”

“वेळेवर.”

ताईने हातातल्या अक्षता खाली ठेवल्या.

“हेऱ्या, साखर. पाण्यात भरपूर कालव आणि पाज. आधी पाज, बोलत बसू नको. शुद्ध गेली तर पाजताही येणार नाही. पळ.”

मी भटारखान्यात घुसलो, तांब्यात मूठमूठ साखर टाकली, हातानेच ढवळली आणि व्यासपीठावर आलो. बाबा आता पाटावर बसले होते, आईच्या खांद्याला टेकून. तांब्या त्यांच्या ओठांपर्यंत पोचला, तेवढ्यात आत्याने माझं मनगट धरलं.

“काय आहे हे?”

“साखरपाणी.”

“साखर?” आत्या किंचाळायचीच बाकी राहिली. “शुगरच्या माणसाला साखर? बापाला मारायला निघालास? आणि कन्यादानाआधी तोंडात गोड?”

“आत्या, ताईने सांगितलंय.”

“ती गौरीहराशी बसलीये. तिने बोलायचंच नसतं.”

बापूकाकांनी माझ्या हातातून तांब्या घेतला. “साखरेबद्दल मला सांगू नकोस. आयुष्य गेलं माझं त्यात.” आणि शांतपणे तो तांब्या मांडवाच्या केळीच्या खांबाशी ओतला.

तो खांब बुंध्यातून तोडून आणलेला होता. त्या कार्यालयात साखरेचा काडीमात्र उपयोग नसलेली ती एकच वस्तू असेल.

चारशे माणसांची जिलबी मागे परातींत पाकात लोळत होती. टेबलावर पेढे होते. पाहुण्यांच्या मुलांनी सरबताचे पेले अर्धे पिऊन खुर्च्यांखाली ठेवले होते. आणि एका साखर कारखान्याच्या केमिस्टने मधुमेहाच्या माणसाला साखर मिळू नये म्हणून स्वतःच्या अंगाने पहारा लावला होता. मला बापूकाकांच्या फेट्याचा शेमला धरून तो जोरात ओढावा आणि ते भोवऱ्यासारखे कुठवर फिरत जातात ते बघावं असं वाटलं. अजूनही वाटतं. कुठेही फेटा दिसला की हात शिवशिवतो.

“सोडा मला, जातो मी,” बाबा पुटपुटले. “शेवटची गाडी चुकेल.”

त्यांची मान खाली झुकायला लागली. आईने त्यांची हनुवटी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

तेवढ्यात मांडवात सगळ्या बायकांनी एकदम श्वास आत ओढल्याचा आवाज आला. ताई गौरीहरावरून उठून आली होती.

“अगं, उठलीस?” आत्याने कपाळाला हात लावला. “नवरी अशी मध्येच उठते?”

ताईने व्यासपीठावर एकदा नजर फिरवली आणि गुरुजींच्या समोरची चांदीची वाटी उचलली. नवरदेवाचं स्वागत करायला मधुपर्क देतात, दही आणि मध. दही अजून यायचं होतं. वाटीत नुसता मध होता.

“ताई, तो वरासाठी आहे,” गुरुजी म्हणाले.

“वराला भूक लागली असेल तर जिलबी वाढा त्याला.”

ती बाबांसमोर गुडघ्यांवर बसली.

“बाबा, तोंड उघडा.”

“रिझर्वेशन आहे?” बाबांनी विचारलं.

“आहे.”

बाबांनी तोंड उघडलं. ताईने बोटाने मध त्यांच्या गालाच्या आत लावला, हिरड्यांना लावला. “गिळा.” त्यांनी गिळलं. पुन्हा लावला. पुन्हा गिळलं. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “तू इथे आडवा उभा राहा. जो कोणी हात लावायला येईल त्याला ढकल. वय बघू नकोस.”

आयुष्यात ताईने मला दिलेलं हे सगळ्यात आवडतं काम.

“मुली, अगं शुगर वाढेल त्यांची,” बापूकाका म्हणाले.

“वाढायलाच हवी आहे,” ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण माइक कुणी बंद केला नव्हता आणि तो शेजारीच पडला होता. ती जे बोलत होती ते शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचत होतं. “ही गोळी स्वतः साखर कमी करत नाही. ही स्वादुपिंडाला हाकते. म्हणते, इन्सुलिन सोड. ताटात अन्न आहे का नाही, हे तिला दिसत नाही. आणि इन्सुलिनचं काम काय, तर रक्तातली साखर उचलायची आणि हातापायांच्या स्नायूंत नेऊन कोंबायची. पोट रिकामं असलं की एरवी यकृत आपल्या कोठारातली साखर रक्तात सोडतं. इन्सुलिन त्या कोठारालाही कुलूप लावतं. म्हणजे वरून येत नाही, आतून सुटत नाही, आणि जी आहे ती इन्सुलिन उचलून नेतंय. मग मेंदू कशावर चालणार? तो तर रक्तातल्या साखरेवरच जगतो. म्हणून जीभ जड होते. माणसं ओळखू येत नाहीत. राग येतो. तोल जातो. आणि लोक येऊन तोंडाचा वास घेतात.”

मला सकाळचे बाबा आठवले. प्रवासी आहेत का नाहीत हे न बघता गाडी सोडणारे. त्यांच्या पोटात दुसरा वाहतूक नियंत्रक बसला होता, त्यांच्याइतकाच शिस्तीचा. तोही सकाळपासून एकामागून एक रिकाम्या गाड्या सोडत होता आणि फलाटावर दिसेल त्याला कोंबून नेत होता.

वाटी तळाला आली. बाबांच्या कपाळावरचा घाम थांबला. त्यांनी डोळे मिटून उघडले.

“शाल्मली,” ते म्हणाले. स्वच्छ, एसटीतल्या आवाजात. “तू इथे काय करतेस? तुला गौरीहराशी बसायचंय ना?”

आईने पदर तोंडाला लावला.

“झालं ना बरं?” बापूकाका म्हणाले. “चला. झालं गेलं विसरा. मामा पोचलेत, मुहूर्त गाठू.”

“नाही,” ताई म्हणाली. “यांना दवाखान्यात न्यायचंय. या गोळीचा अंमल दिवसभर राहतो. मध संपला की साखर पुन्हा पडेल. कदाचित आणखी खाली.”

“बसलेत की चांगले.”

“मध आहे म्हणून बसलेत.”

“हे बघ, मलाही शुगर आहे.” बापूकाकांनी आवाज मऊ केला. “मीही रोज गोळी घेतो. संकष्टी करतो. मी कधी गाड्यांची घोषणा केली नाही.”

“तुमची जेवणाबरोबरची असेल, पांढरी, मोठी?”

“हो. मग?”

“ती यकृताला आवरते, फार साखर सोडू नको म्हणून. स्वादुपिंडाला हाकत नाही. एकटी असली तर सहसा एवढं खाली पाडत नाही. दोन्ही गोळ्या शुगरच्याच, काम वेगळं. केमिस्टला सांगायला नको.”

मागून कोणीतरी खोकलं. बापूकाकांचा मऊपणा तिथे संपला.

“नवरी मुलगी लग्न लागल्याशिवाय मांडवाबाहेर जात नाही. भाऊ आहे ना हा उंडगा? तो नेईल वडिलांना. कन्यादान आत्या करेल. एवढं नाटक झालं ते पुष्कळ झालं. कौस्तुभ, सांग हिला.”

कौस्तुभ म्हणजे नवरा मुलगा. एवढा वेळ तो बाजूला पुष्पहार हातात घेऊन उभा होता. वाईट मुलगा नव्हता. आमच्या घरी आला की स्वतःचा कप स्वतः विसळायचा.

“काका, मी काय सांगू?”

ताई उठली. मुंडावळ्या बाजूला करून तिने त्याच्याकडे बघितलं.

“तू काही सांगू नको. तुझी गाडी दारात आहे. काढ. दहा मिनिटांवर दवाखाना आहे. लग्न संध्याकाळी लावू, उद्या लावू, मला चालेल.”

कौस्तुभने पुष्पहार खुर्चीवर ठेवला. खिशात हात घातला, किल्ली बाहेर काढली. तेवढ्या वेळापुरता मला तो फार आवडला.

“काका,” तो म्हणाला, “नेऊ का?”

“नाही,” बापूकाका म्हणाले.

कौस्तुभने किल्ली परत खिशात ठेवली.

ताईने ते बघितलं. मधुपर्काची रिकामी वाटी तिने गुरुजींसमोर होती तिथेच, अगदी त्याच जागी ठेवली, आणि बाबांना उठवायला वाकली.

आम्ही आचाऱ्याच्या टेम्पोतून गेलो. पुढे आचारी आणि बाबा, मध्ये ताई नऊवारी आवरत कशीबशी, मागे रिकाम्या पातेल्यांत आई आणि मी. आई अनवाणी होती, चपला घालायचं राहून गेलं होतं. नवऱ्याच्या गाडीवर झेंडूच्या माळा होत्या. आमच्या टेम्पोवर ‘शुद्ध शाकाहारी’ लिहिलेलं होतं. पाटण रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. पुलाच्या अलीकडे बाबांनी विचारलं, “ही कुठली गाडी?” आणि त्यांची मान ताईच्या खांद्यावर पडली. ताईने आचाऱ्याकडे हात केला. त्याने निघताना सोबत घेतलेला जिलबीच्या पाकाचा डबा पुढे केला. तिने मंगळसूत्र नसलेल्या गळ्यातला हार एका हाताने मागे टाकला आणि दुसऱ्या हाताने पुन्हा बाबांच्या हिरडीला पाक लावला.

दवाखान्यात मशीनवर आकडा आला, तो बघून डॉक्टरांनी आधी ग्लुकोजचं सलाइन मागवलं. सलाइन लावून झाल्यावर म्हणाले, “लग्न लावून आणलं असतंत तर मी काही सांगू शकलो नसतो. रात्रभर ठेवायचं. दर तासाला साखर बघू, पुन्हा पडते ती.”

मग बाबांना जरा वेळाने पूर्ण शुद्ध आली. त्यांनी खोली बघितली, हातातली सुई बघितली, आणि मुंडावळ्या बांधलेली लेक बघितली.

“लग्न लागलं का?”

“गाडी रद्द, बाबा,” ताई म्हणाली.

बाबांनी छताकडे बघितलं.

“कारण?”

“चालक नाही.”

कोपऱ्यात बसून आई बिस्किटाचा पुडा उघडत होती. उपास तिचाही होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

“घोषणा केली का?” बाबांनी विचारलं.

“कसली?”

“गाडी रद्द केल्याची. लोक ताटकळत बसले असतील. गाडी रद्द होऊ शकते, पण न सांगता होत नाही. हेरंबा, फोन लाव.”

मी गुरुजींना लावला. ते अजून कार्यालयातच होते. म्हणाले, इथे टेंभेकर मंडळी म्हणतायत की मुलगी परत येईल, अर्ध्या तासात मुहूर्त आहे, कोणी हललेलं नाही. मी म्हटलं, फोन माइकला लावा. त्यांनी लावला असावा, कारण पलीकडून आधी खरखर आली आणि मग त्या मोठ्या हॉलची शांतता ऐकू आली.

बाबांनी फोन हातात घेतला. सुई लावलेल्या हाताने उशीवर थोडे वर सरकले. घसा साफ केला.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,” बाबा म्हणाले. एकही अक्षर घसरलं नाही. “किन्हीकर ते टेंभेकर ही दुपारची गाडी रद्द करण्यात आली आहे. ही गाडी आज किंवा पुढे कधीही सुटणार नाही. जेवण तयार आहे. प्रवाशांनी जेवून जावे.”

आणि फोन बंद करून माझ्याकडे दिला. बंद होण्याआधी पलीकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज मी ऐकला. पंगत बसत होती.

कराड स्टँडवर लहानपणापासून मी त्यांच्या घोषणा ऐकल्या आहेत. रद्द गाडीची घोषणा नेहमी एकाच वाक्यावर संपायची: प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. नोकरीभर त्यांनी ते वाक्य एकदाही गाळलं नव्हतं.

“बाबा,” मी म्हटलं, “दिलगिरी राहिली.”

“राहू दे,” बाबा म्हणाले. मग डोळे मिटून घेतले. “मला धड बोलता येत नव्हतं रे. पण तेवढं कळत होतं. वास घेतला त्यांनी माझ्या तोंडाचा.”